जरा वर बघा की

अण्णांनी मोबाइल पुढं केला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि बाहेर सोलापूरचा मे महिना चालू होता. कूलरमध्ये नुकतंच पाणी ओतलेलं, वाळ्याचा ओला वास घरभर, आणि तरीही बनियन पाठीला चिकटलेली. मंडळी आदल्याच दिवशी दार्जिलिंगहून परतली होती. कांचनगंगा दिसली (ढगातून, पण दिसली), टायगर हिल झाली, चहाच्या मळ्यात भाड्याचे कपडे घालून फोटो झाले, जाताना बांधून नेलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी परतीच्या गाडीपर्यंत पुरली. तक्रार एकच. "हे बघा की," अण्णा म्हणाले, "दोन हजार किलोमीटर गेलो, आन् पिंजरा रिकामा!" फोटोत दाट हिरवाई, एक तिरकी ओली फळी, बांबूची झुडपं, मागं धुकं. नातवानं तो घरच्या ग्रुपवर टाकला होता आणि खाली दोनच शब्द लिहिले होते: रेड पांडा. त्यापुढं हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. मी बघत होतो तो फोटोचा वरचा उजवा कोपरा. तिथं दोन फांद्यांच्या बेचक्यातून काहीतरी खाली लोंबत होतं. लालसर. त्यावर फिकट पट्टे असावेत असं वाटलं.

तेवढ्यात अण्णांच्या बोटानं पुढचा फोटो सरकवला.

यात त्यांची चूक म्हणावी असं काही नाही. दार्जिलिंगला गेलेल्या आपल्याकडच्या कुटुंबाचा दिवस जीपवाला ठरवतो. पहाटे चारच्या आत टायगर हिल, येताना घूम आणि बतासिया लूप, हॉटेलवर पुरी-भाजी, आणि मग 'सेव्हन पॉइंट'. या सातांत प्राणीसंग्रहालय आणि हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट येतात. दोन्ही एकाच आवारात, जवाहर पर्वताच्या चढावर, आणि दोन्हींना मिळून तास-दीड तास. त्यात चढण दम काढते, लहान मुलांना कडेवर घ्यावं लागतं, हिमबिबळ्यापाशी गर्दी असते, तेनसिंगच्या समाधीपाशी फोटो व्हायचा असतो. रेड पांडाच्या वाट्याला मग उरतात तीन-चार मिनिटं, आणि तीसुद्धा भर दुपारची. रेड पांडा पहाटे आणि संध्याकाळी, उजेड आणि अंधार एकमेकांत मिसळतात त्या वेळी, सगळ्यांत जास्त हलतो. मधली दुपार तो झोपून काढतो. आणि झोपतो झाडावर. आपल्या डोळ्यांना पिंजऱ्याची सवय वेगळी लागलेली असते. वाघ खाली, अस्वल खाली, हरणं खाली. मान सरळ ठेवून बघायचं आणि पुढं जायचं. इथं मान वर केली नाही तर पिंजरा रिकामाच.

तो आहे तरी केवढा? डोक्यापासून बुडापर्यंत जेमतेम दोन फूट, वजन तीन ते सहा किलो, म्हणजे एखाद्या पोसलेल्या बोक्याएवढं. शेपटी मात्र जाड, झुपकेदार, कधी कधी अंगाच्या लांबीला भिडणारी आणि तिच्यावर एकाआड एक गडद-फिकी वळी. ही शेपटी तोल सांभाळते आणि पांघरुणाचंही काम करते. त्याच्या झोपण्यावरून हवा कशी आहे ते सांगता येतं. गारठा असेल तर तो अंगाचं वेटोळं करून शेपटी तोंडावर ओढून घेतो, डिसेंबरात आपल्याकडं गच्चीवर झोपलेला माणूस चादर नाकापर्यंत ओढतो तशी. ऊब वाढली की तोच प्राणी फांदीवर पालथा पडतो, चारी पाय दोन्ही बाजूंना लोंबकळत सोडलेले, हनुवटी फांदीवर टेकलेली, शेपटी सुटी. अण्णांच्या फोटोतली शेपटी, ती शेपटीच असेल तर, लोंबत होती. म्हणजे त्या दिवशी दार्जिलिंगलाही उकडत होतं, त्याच्या हिशोबानं.

रंगाची गंमत आणखी वेगळी. बहुतेक जनावरं पाठीकडून गडद आणि पोटाकडून फिकी असतात. याचं उलटं आहे: पाठ तांबूस, पोट आणि पाय काळेभोर. त्याचा शत्रू बिबळ्या. तो खालून वर बघणार, आणि खालून बघणाऱ्याला दाट पानांच्या सावलीत काळं पोट दिसतच नाही. पाठीचा तांबूसपणाही नटण्यासाठी नाही. तो राहतो त्या हिमालयी जंगलात फर वृक्षांच्या खोडांवर लालसर तपकिरी शेवाळ चढलेलं असतं आणि मधूनमधून पांढऱ्या दगडफुलाचे ठिपके. हो, आपल्या काळ्या मसाल्यात पडतं त्या दगडफुलाच्याच जातकुळीतलं. तांबडं अंग, चेहऱ्यावर पांढरे डाग, खालून काळा. असा प्राणी त्या झाडावर बसला की झाडच होऊन जातो. तिकीट काढून पिंजऱ्यासमोर उभा असलेला माणूस, त्याच्या दृष्टीनं, बिबळ्याच्या जागी उभा असतो. तिथून दिसू नये अशीच तर त्याची घडण आहे.

बघायचं कसं, तर पहिल्यांदा वेळ बदलायची. प्राणीसंग्रहालय गुरुवारी बंद असतं. बाकीच्या दिवशी दार उघडतं त्याच वेळी पोचायचं. गावातल्या मुख्य चौकातून, म्हणजे चौरस्त्यावरून, चालत वीसेक मिनिटं लागतात, जीप लागतच नाही. आत गेल्यावर पुढच्या प्राण्यांचा मोह सोडून आधी इकडं यायचं. पिंजऱ्यासमोर आल्यावर सुरुवात जमिनीपासून. बांबूच्या फांद्या ताज्या ठेवलेल्या आहेत का, पानं शेंड्याकडून कातरलेली आहेत का, हे बघायचं. हा प्राणी घाण करायला ठरावीक जागा राखतो. हिरवट, लांबट लेंड्यांचा ढीग दिसला तर त्याच्या आसपासच्या झाडांवर वर बघायचं. मग बेचके: खोड दुभंगतं ती जागा, जाड आडव्या फांद्या, आणि त्यांतही सावलीची बाजू. अख्खा प्राणी शोधायला गेलं तर सापडत नाही. रेघ शोधायची. फांद्या वर जातात किंवा आडव्या. सरळ खाली लोंबणारं आणि टोकापर्यंत जाडच राहणारं झाडावर सहसा काही नसतं. तसं दिसलं तर तिथं थांबायचं.

थांबायचं म्हणजे वीस मिनिटं. हे सगळ्यांत अवघड. एक घोळका येतो, "कुठाय, कुठाय" करतो, कुणीतरी शीळ घालतं, कुणी जाळी वाजवतं, आणि घोळका जातो. दोन घोळक्यांच्या मधे जी शांतता पडते तिच्यात कान हलतो, पाय बदलला जातो, एखादी जांभई येते. तो डोकं खाली करून खोडावरून उतरू लागला तर नशीब उघडलं समजायचं. घोटा मागं फिरवता येत असल्यामुळं त्याला हे जमतं. मांजराला जमत नाही, म्हणून ती झाडावर चढून रडत बसते. फोटो काढायचा तर मोबाइलची भिंग जाळीला किंवा काचेला टेकवायची, नाहीतर जाळी स्पष्ट आणि पांडा पुसट येतो; पडद्यावरच्या पांडावर बोटानं टिचकी मारून मग बटण दाबायचं, फ्लॅश बंद ठेवायचा, आणि दोन-तीन पटींपलीकडं झूम करायचं नाही. तिथं काम करणारे बहुतेक नेपाळी बोलतात. "दाजू, हाब्रे कहाँ छ?" एवढं विचारलं तरी समोरच्याचा चेहरा खुलतो. हाब्रे हे त्याचं नेपाळी नाव. खायला कधी घालतात तेही त्यांनाच ठाऊक असतं, आणि त्या वेळी तो खाली येतोच.

एक मात्र सांगायला हवं. कधी कधी तो मागच्या दोन पायांवर उभा राहतो आणि पुढचे दोन्ही पंजे वर करतो. लोकांना ते इतकं गोड वाटतं की हशा पिकतो, मुलं "हँड्स अप" ओरडतात, व्हिडिओ जगभर फिरतात. जपानमधल्या चिबा शहराच्या बागेतला फूता नावाचा रेड पांडा २००५ मध्ये नुसत्या उभं राहण्यामुळं प्रसिद्ध झाला. पण समोर भीती वाटण्यासारखं काही आलं की स्वतःला मोठं दाखवण्याची त्याची ही रीत आहे. कधी नुसतं कुतूहलानंही उभा राहतो. पण समोर आरडाओरड चालली असेल आणि तो पंजे वर करून उभा असेल, तर हसण्याची ती वेळ नव्हे.

नावाचा घोळही त्याच्याच नशिबी. फ्रेडरिक क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२५ मध्ये त्याला 'आयलुरस फुल्गेन्स' म्हटलं, म्हणजे झळाळतं मांजर. पांडा हे नाव आधी याचंच. तो काळा-पांढरा, अस्वलाएवढा, खेळण्यांच्या दुकानात बसलेला पांडा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांच्या नजरेस पडला तो १८६९ मध्ये, चव्वेचाळीस वर्षांनी. नंतर आलेला मोठा झाला आणि याला 'लहान पांडा' म्हणू लागले. दोघांचं जवळचं नातंही नाही. तो अस्वलांच्या घरातला. हा कधी रॅकूनांत, कधी अस्वलांत ढकलला गेला आणि अखेर याला स्वतःचं वेगळं कुळ मिळालं, ज्यात आज हा एकटाच उरला आहे. आपल्या कॉम्प्युटरवरच्या फायरफॉक्स ब्राउझरचं नावही याच्यावरून आलं, आणि तिथंही चित्र कोल्ह्याचं.

दोघांत सारखेपणा एवढाच की दोघंही बांबू खातात आणि दोघांच्याही पंज्यावर एक खोटा अंगठा आहे. ते बोट नव्हे. मनगटातलं एक लहानसं हाड वाढून पुढं आलेलं. त्याच्या आधारानं तो बांबूची फांदी मुठीत धरतो आणि दुसरीकडून पानं ओरबाडतो. मोठा पांडा बांबू जवळजवळ सगळाच चावून खातो, हा निवडखोर: पानांचे कोवळे शेंडे, आणि मोसमात कोंब. दार्जिलिंगजवळच्या सिंगलीला डोंगररांगेत याला मालिंगो नावाचा बांबू मिळतो, बोटाएवढा बारीक. खरी मेख पोटात आहे. आतडं मांसाहारी प्राण्याचं, आखूड, आणि त्यातून जाणार गवताच्या जातीचं पान. खाल्लेल्या पानांतलं जेमतेम पाव अंगी लागतं, बाकीचं काही तासांत बाहेर. म्हणून दिवसाला किलो-दीड किलो पान लागतं, आणि दिवसातले तेरा तासांपर्यंत खाण्यात नि खाणं शोधण्यात जातात. उरलेल्या वेळात हालचाल जितकी कमी तितकी मिळकत पुरते. हातावर पोट असलेला माणूस रविवारी घराबाहेर पडत नाही, तसं. फोटोत जो रिकामेपणा दिसला त्याला आळस म्हणता येणार नाही. ती काटकसर आहे.

"राणीच्या बागेत पेंग्विन आणले की वो," अण्णा म्हणाले. "मग आपल्याकडं हे एक का आणू नये? पोरं बघतील." प्रश्न रागाचा नव्हता, हौसेचा होता, आणि हौशीला एकदम नाही म्हणवत नाही. भायखळ्यात २०१६ साली पेंग्विन आले ते खरं. त्यांच्यासाठी सोळा-अठरा अंशांवर ठेवलेली काचेची खोली आणि थंड केलेलं पाणी आहे. पेंग्विनाला मासे लागतात, ते गोठवून ठेवता येतात. पांडाचं पान गोठवता येत नाही.

तरी हिशोब मांडून बघू. दार्जिलिंगचं प्राणीसंग्रहालय सात हजार फुटांवर आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर, म्हणजे पंधराशे फूट. या प्राण्याच्या अंगावर केसांचे दोन थर: आत दाट मऊ लोकर, वर लांब राठ केस. तळव्यांनाही केस, बर्फावर चालण्यासाठी. सोलापुरी चादर दुहेरी करून अंगाला शिवली आहे आणि ती मे महिन्यातही काढता येत नाही, असं समजा. पंचविसाच्या वर पारा गेला की तो अस्वस्थ होतो. सत्तावीसच्या आसपास पोचला की त्याला गार खोली द्यावीच लागते. तोंड उघडून धापा टाकू लागला, गार फरशीवर पोट टेकून पसरला, की उशीर झालेला असतो. आपला पारा फेब्रुवारीतच तिशी ओलांडतो आणि मेमध्ये त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. म्हणजे वर्षातला बराच काळ चोवीस तास एसी, वीज गेली तर लगेच सुरू होणारं जनरेटर, ते बंद पडलं तर दुसरं. मग बांबू. रोज ताजा तोडलेला, औषध न फवारलेला. हमरस्त्याकडेचा चालत नाही, धूर आणि धूळ बसलेली असते. तोडल्या तोडल्या फांद्या पाण्याच्या बादलीत उभ्या करायच्या, वरून पाणी शिंपडायचं, दिवसातून दोनदा तरी बदलायच्या. खातो त्याच्या कितीतरी पट द्याव्या लागतात, कारण तो शेंडे खाऊन बाकी टाकतो. पान जरा सुकलं, कडा वळल्या, की तोंड फिरवतो. सोलापूरच्या झळीत तोडलेलं पान किती वेळ टवटवीत राहतं हे कुणाही भाजीवाल्या मावशींना विचारावं. फळांवर आणि बिस्किटांवर भागवावं म्हटलं, तर ती बांबूच्या जोडीला देतात, बांबूच्या जागी नव्हे. गोड त्याला आवडतं म्हणून जास्त दिलं तर अंग सुटतं आणि दात खराब होतात.

आणि कुत्री. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा रोग रेड पांडाला झाला तर तो सहसा वाचत नाही. कुत्र्यांना देतात ती जिवंत विषाणूची लस याला टोचली तर लसीनंच रोग झाल्याची उदाहरणं आहेत. वेगळी लस शोधावी लागते. सिंगलीलाच्या जंगलातही त्याला बिबळ्याइतकाच धोका गावच्या आणि गुराख्यांच्या कुत्र्यांचा. आपल्या शहरात भिंतीपलीकडं कुत्रं नाही अशी जागा दाखवा.

एवढं सगळं जमवूनही हाती काय येतं? काचेमागं एक थंड खोली, तिच्यात सिमेंटचं झाड, आणि त्यावर झोपलेला प्राणी. तोही दिसणार नाहीच.

दार्जिलिंगचं वेगळं आहे. पद्मजा नायडू यांच्या नावाचं हे प्राणीसंग्रहालय १४ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झालं, आणि तिथला पिंजरा त्याच्याच डोंगरावर, त्याच्याच धुक्यात आहे. एसी देवानं लावलेला. लोकांना दिसतात ते पांडे थोडे. पैदाशीचं काम लोकांपासून दूर, तोपके दारा नावाच्या जागी चालतं. जोड्या जुळवताना कोण कुणाचा भाऊबंद आहे हे वंशावळीच्या नोंदींवरून तपासतात, आपल्याकडं देवक आणि गोत्र बघतात त्याहून काटेकोरपणे. मीलन जानेवारी ते मार्च, पिल्लं जून-जुलैत, बहुधा दोन. मादीला किमान दोन पेट्या द्याव्या लागतात, गारव्याच्या जागी, कारण जरा खुडबुड झाली की ती पिल्लू मानेला धरून दुसऱ्या पेटीत नेते. एकच पेटी असेल तर नेऊ कुठं या घालमेलीत ती पिल्लू तोंडात घेऊन फिरत राहते, आणि पिल्लू दगावतं. म्हणून त्या दिवसांत रखवालदार पेटीत डोकावत नाहीत, कानानंच अंदाज घेतात. डोळे उघडायला अडीच-तीन आठवडे, पेटीतून बाहेर पडायला तीनेक महिने. २००३ मध्ये इथं वाढलेल्या स्वीटी आणि मिनी या दोन माद्या सिंगलीलाच्या जंगलात सोडल्या गेल्या; पुढच्या वर्षी स्वीटीला तिथं पिल्लू झालं. अलीकडच्या वर्षांत आणखीही सोडले गेले आहेत. त्यामुळं तिथं एखादा पिंजरा खरोखरच रिकामा असू शकतो, आणि तो रिकामा असणं हीच त्या बागेची कमाई.

रिकाम्या पिंजऱ्याची एक गोष्ट हॉलंडमधली आहे. डिसेंबर १९७८ मध्ये रॉटरडॅमच्या प्राणीसंग्रहालयातून एक रेड पांडा पळाला. बागेनं वर्तमानपत्रांना कळवलं, कुणाला दिसला तर सांगा. बातमी छापून आली आणि देशभरातून फोन यायला लागले: आमच्या अंगणात होता, आमच्या रस्त्यावर दिसला, झाडावर बसला होता. शंभराहून अधिक लोकांनी तो पाहिला. पांडा मात्र तोवर बागेजवळच मेलेला सापडला होता. हे लोक खोटं बोलत नव्हते. कुत्रं दिसलं असेल, मांजर दिसलं असेल, संध्याकाळच्या उजेडात काहीतरी तांबूस हललं असेल; डोक्यात पांडा होता, म्हणून डोळ्यांना पांडा दिसला. याच्या उलट २०१३ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनच्या बागेतून रस्टी नावाचा नर निसटला, पावसानं वाकलेल्या फांद्यांचा आधार घेऊन. रेड पांडाच्या पिंजऱ्यालगतची झाडं छाटत राहावी लागतात ती याचसाठी. कोरड्या दिवशी भिंतीपासून लांब असलेली फांदी पावसात किंवा बर्फात खाली झुकते आणि पूल तयार होतो. रस्टीला एका बाईनं वस्तीत पाहिलं आणि फोटो काढून ट्विटरवर टाकला. त्या फोटोमुळं तो दिवसभरात सापडला.

नसलेला पांडा शंभर जणांना दिसला. असलेला पांडा अण्णांच्या घरच्या नऊ जणांना दिसला नाही. या दोहोंच्या मधे कुठंतरी आपलं नान्नज आहे. शहरापासून वीसेक किलोमीटरवर, १९७९ साली माळढोकासाठी केलेलं अभयारण्य. तिथंही लोक जातात, माळावर नजर फिरवतात आणि "काहीच नाही" म्हणून परततात. पूर्वी हे म्हणणं घाईचं होतं. वाळल्या गवतात उभा असलेला माळढोक मान हलवेपर्यंत गवतच असायचा. आता तेच म्हणणं जवळजवळ खरं झालं आहे. बघणाऱ्यानं किती घाई केली आणि पक्षी किती उरला, हे दोन वेगळे हिशोब आहेत, पण दुरून त्यांचं उत्तर सारखंच दिसतं: रिकामा माळ.

शेवटी तो फोटो अण्णांकडून मागून घेतला. ग्रुपवरून आलेला, आधीच दाबून लहान झालेला. वरचा कोपरा मोठा केला तर चौकोनी ठिपके दिसू लागले. लालसर होतं ते नक्की. पट्टे तीन मोजता येत होते, चौथा असावासा वाटत होता. पण पट्टे मोजताना रॉटरडॅमचे ते शंभर फोन आठवले आणि बोट थांबलं. शेवाळही लालसरच असतं. ओल्या फांदीवरून ते झुपक्यानं लोंबतंसुद्धा, आणि मधे दगडफुलाचा फिकट ठिपका आला की वळं वाटतं. वर्षानुवर्षं या प्राण्याबद्दल वाचत-बोलत राहिलेल्या माणसाला कुठल्याही तांबड्या लोंबणाऱ्या गोष्टीत शेपटी दिसणारच. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, झळा जरा ओसरल्यावर, अण्णा गच्चीवर पाणी मारत होते तिथं जाऊन त्यांना कोपरा दाखवला. म्हटलं, अण्णा, ही शेपटी असेल. नसेलही.

अण्णांनी पाइप खाली ठेवला. हात धोतराला पुसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोबाइल नाकाजवळ नेला. पाणी गच्चीभर वाहत राहिलं, गरम फरशीतून वाफ निघत राहिली. दार्जिलिंगला त्या पिंजऱ्यासमोर ते उभे राहिले असतील त्याहून नक्कीच जास्त वेळ ते तसेच उभे होते.

"काय वो," ते हळूच म्हणाले, "हललं काय ते?"